रेसिडेन्सीतलं वाचन: पुस्तक संपत नाही, मग काय वाचायचं आणि कधी?

बोरू

रेसिडेन्सीत, म्हणजे डॉक्टरांच्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणात, काय आणि कधी वाचायचं हा प्रश्न इथे सुट्या प्रतिसादांत वरचेवर येतो, म्हणून स्वतंत्र धागा. आधी हिशोब मांडतो, म्हणजे "वेळच मिळत नाही" आणि "आळस सोडा" ही दोन वाक्यं बाजूला ठेवून बोलता येईल.

मुख्य संदर्भग्रंथ ३००० पानांचा धरा. दोन स्तंभांच्या बारीक छपाईच्या पानावर ९०० च्या आसपास शब्द असतात. साधं गद्य आपण मनात मिनिटाला सुमारे २४० शब्दांच्या वेगाने वाचतो. आम्ल-अल्कलीचं प्रकरण त्या वेगाने डोळ्यांखालून जातं, डोक्यात शिरत नाही. समजून वाचायचं तर ११० शब्द धरा. म्हणजे पानाला आठ मिनिटं, तासाला सात पानं आणि अख्ख्या ग्रंथाला चारशेहून जास्त तास. तेही एकदाच.

आता हातातला वेळ. रोज ४५ मिनिटं, वर्षातले २५० दिवस (बाकीचे ड्युटी, आजारपण आणि रजेत गेले) म्हणजे १८७ तास. तीन वर्षांत साडेपाचशे. त्यातले चारशे एकाच वाचनाला दिले तर उजळणीला उरतात दीडशे आणि पहिल्या वर्षी वाचलेलं तोवर पुसलेलं असतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचा बेत निश्चयाअभावी मोडत नाही, तो गुणाकारातच मोडलेला असतो.

म्हणून अनुक्रमणिकेची प्रत काढून प्रत्येक प्रकरणापुढे अ, ब किंवा क लिहा. अ म्हणजे ओळ न ओळ वाचायचं आणि किमान तीनदा उजळायचं. ही प्रकरणं एकूणाच्या पाव भागापेक्षा जास्त नकोत. ब म्हणजे तक्ते, आकृत्या, निदानाचे निकष आणि उपचार. क म्हणजे फक्त चाळायचं, कुठे काय आहे ते कळावं इतपत. वर्गवारी करताना मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. नाहीतर आवडीची प्रकरणं अ मध्ये जाऊन बसतात आणि नावडती क मध्ये दडी मारतात.

निशाचर

हिशोब पटला. पण "रोज ४५ मिनिटं" यातला "रोज" रेसिडेन्सीत अस्तित्वात नसतो. घड्याळाला बांधलेलं वेळापत्रक (रात्री ९ ते १०) पहिल्या इमर्जन्सीला कोसळतं. दिवसाच्या प्रकाराला बांधा. प्रकार चारच आहेत:

साधा दिवस: ४५ ते ६० मिनिटं, एका बैठकीत नवीन वाचन. शक्यतो राउंडच्या आधी. संध्याकाळचा वेळ तुमचा नसतो, वॉर्डचा असतो.

ड्युटीचा दिवस: नवीन काही नाही. पाच-पाच मिनिटांचे तुकडे, फक्त उजळणी किंवा प्रश्न. एक रिपोर्ट येईपर्यंत दहा प्रश्न होतात. प्रकरण उघडलं तर तिसऱ्या ओळीला फोन वाजतो.

ड्युटीनंतरचा दिवस: शून्य. खरंच शून्य. सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते आणि २४ तासांनी ती ०.१० च्या आसपास जाते, हे १९९७ पासून माहीत आहे. त्या अवस्थेत वाचलेली दहा पानं वाचल्यासारखी वाटतात, एवढंच. आधी झोपा. उठल्यावर डोकं स्वच्छ वाटलं तर संध्याकाळी २० मिनिटं उजळणी, नाहीतर तीही नको. नवीन वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे ही झोप अभ्यासातच धरा.

सुटीचा दिवस: ९० मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये मोठी विश्रांती. आठ तास बसायचा बेत करू नका. पाचव्या तासाला नुसती पानं उलटतात आणि सुटी गेल्याचा राग मात्र पुस्तकावर निघतो.

महिन्याची ड्युटी यादी हातात आली की प्रत्येक तारखेपुढे यातला एक प्रकार लिहून टाका. महिन्यात किती पानं होणार हे पहिल्याच दिवशी कळतं.

कंदील

या दोन्हींत मुख्य गाडं राहून गेलंय: पेशंट. वॉर्डातल्या पेशंटला जोडून वाचलेलं सर्वांत जास्त टिकतं, कारण त्याला चेहरा, खाट आणि चूक असे तीन खिळे मिळतात.

मात्र "पेशंटवरून वाचा" हा सल्ला नेहमी अर्धवट दिला जातो. पेशंटला हायपोनॅट्रिमिया (रक्तातलं सोडियम कमी) आहे म्हणून संध्याकाळी अख्खं प्रकरण उघडलं की पहिली दोन पानं शरीरक्रियेची, तिसऱ्या पानावर डोळे मिटतात. प्रकरण न उघडता प्रश्न उघडा. एका पेशंटवर तीन दिवस, रोज १५ मिनिटं:

दिवस १, हे का झालं? सोडियम ११६ आहे. लघवीची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) १०० च्या खाली की वर, लघवीतलं सोडियम ३० च्या खाली की वर, पेशंट कोरडा, सुजलेला की समतोल? एवढाच तक्ता पुस्तकातून काढायचा आणि आपल्या पेशंटचे आकडे त्यात बसवायचे. मग एसआयएडीएच (पाणी धरून ठेवणारं एडीएच संप्रेरक नको तेव्हा स्रवणं) म्हणायला थायरॉइड आणि कॉर्टिसॉल आधी का पाहायचं, ते वाचायचं.

दिवस २, काय करायचं आणि कुठे थांबायचं? झटके किंवा शुद्ध हरपणं असेल तर ३ टक्के सलाइन १०० ते १५० मिलि झटपट. धोका जास्त असलेल्या पेशंटमध्ये (दारू, कुपोषण, कमी पोटॅशियम, यकृताचा आजार) २४ तासांत ८ मिलिमोलच्या वर चढवायचं नाही. का नाही, हे त्याच परिच्छेदात असतं. ऑस्मोटिक डिमायलिनेशनची (सोडियम फार वेगाने चढवल्याने मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला होणाऱ्या इजेची) लक्षणं दोन ते सहा दिवसांनी दिसतात, म्हणून चूक झाली त्या दिवशी सगळं छान वाटतं.

दिवस ३, पुस्तक बंद ठेवून कोऱ्या कागदावर तक्ता काढायचा. जे आठवलं नाही तेवढंच पुन्हा वाचायचं.

पाऊण तासात प्रकरणाचा परीक्षेला लागणारा गाभा झाला. उरलेली शरीरक्रिया सुटीच्या बैठकीत वाचा. तोवर प्रश्न डोक्यात असतात, त्यामुळे ती कंटाळवाणी होत नाही.

उंटावरचा_शहाणा

कंदील, पद्धत उत्तम, पण नुसती ती ठेवली तर दगा होतो. वॉर्डात जे येतं आणि पेपरात जे येतं ते एक नसतं. न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, सिऱ्होसिस यांची वर्षभरात पारायणं होतील. फिओक्रोमोसायटोमा, पोर्फिरिया, टाकायासू तीन वर्षांत एकदाही खाटेवर दिसणार नाहीत आणि दीर्घोत्तरी प्रश्नात हमखास समोर उभे राहतील.

प्रत्येक पोस्टिंगच्या (एका विभागातल्या नेमणुकीच्या) पहिल्या दिवशी "इथे बहुधा न भेटणारे" अशी दहा-बारा विषयांची यादी करा. पोस्टिंग दोन महिन्यांचं असेल तर आठवड्याला दीड विषय. सुटीच्या दिवसाची एक बैठक याच यादीची, त्यात दुसरं काही घुसू द्यायचं नाही. आणि पोस्टिंग संपताना त्या विभागाच्या अनुक्रमणिकेवर खुणा करून पाहा, म्हणजे भोकं दिसतात. ही खूण "वाचलं" म्हणून करायची नाही. "कोऱ्या कागदावर उतरवलं" म्हणून करायची.

भिंगरी

कार्डांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. अंकी (प्रश्न-उत्तरांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा दाखवणारं ॲप) वापरणारे बहुतेक जण पहिल्या दोन महिन्यांत सोडून देतात. कारणं ठरलेली आहेत.

एक, नवीन कार्डं जास्त. मुळातली मर्यादा रोज २० नवीन अशी असते. विद्यार्थ्याला ती चालते, रेसिडेंटला नाही. रोजची उजळणी साधारण नवीन कार्डांच्या सात ते दहा पट होऊन बसते. २० नवीन म्हणजे रोज दीडशे-दोनशे. १० वर आणा, ड्युटीच्या काळात ५. कार्डाला दहा सेकंद धरले तर ८० ते १०० कार्डं पंधरा मिनिटांत होतात आणि ती तीन तुकड्यांत झाली तरी बिघडत नाही.

दोन, कार्ड लठ्ठ. "लाइटचे निकष लिहा" (छातीत साचलेलं पाणी कोणत्या प्रकारचं ते ठरवणारे) हे कार्ड वाईट. त्यात तीन गोष्टी आहेत. दोन आठवल्या, एक नाही, तर बटण कुठलं दाबायचं? फोडा: फुफ्फुसावरणातल्या पाण्याचं आणि रक्ताचं प्रथिन यांचं गुणोत्तर कितीच्या वर (०.५), एलडीएच या विकराचं कितीच्या वर (०.६), पाण्यातलं एलडीएच रक्ताच्या वरच्या सामान्य मर्यादेच्या किती (दोन तृतीयांश). चौथं कार्ड सर्वांत महत्त्वाचं: हार्ट फेल्युअरचा पेशंट लघवीच्या औषधांवर असताना निकष एक्झुडेट (दाह किंवा संसर्गाचं पाणी) म्हणतात, आता काय बघणार? (रक्त आणि पाणी यांच्या अल्ब्युमिनमधला फरक १.२ ग्रॅमच्या वर असेल तर ते ट्रान्झुडेटच, म्हणजे दाबातल्या फरकाने झिरपलेलं पाणी.) व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारतात ते हेच चौथं.

तीन, दुसऱ्याचा तयार संच. १५ हजार कार्डांचा डोंगर उतरवून घ्यायला एक मिनिट लागतं आणि तो बघूनच हातपाय गळतात. जे वाचलं त्याचंच कार्ड, प्रकरणाला फार तर १५.

आठ वेळा चुकलेलं कार्ड अंकी बाजूला काढतं. ते पुन्हा घुसवू नका. ते चुकतं कारण मुळात समजलेलं नाही. पुस्तकातला तो परिच्छेद वाचा आणि कार्ड नव्याने लिहा.

शतपावली

कार्डांना विरोध नाही, पण एक इशारा. पेपर बहुपर्यायी असेल तर ठीक. दीर्घोत्तरी पेपरला कार्डं अपुरी पडतात. कार्ड एकेक वीट पाठ करून घेतं, भिंत बांधायला शिकवत नाही. तीनशे कार्डं तोंडपाठ असलेला माणूस "तीव्र किडनी इजेचं मूल्यमापन लिहा" या प्रश्नापुढे पाच मिनिटं पेन चावत बसतो.

यासाठी सांगाडे. मागच्या पेपरातला एक प्रश्न, पुस्तक मिटलेलं, दहा मिनिटं. पूर्ण वाक्यं नकोत. शीर्षकं, प्रत्येकाखाली तीन-चार शब्द आणि एक आकृती किंवा तक्ता. मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या रंगाच्या शाईने भरायचं. पुढच्या वेळी फक्त रंगीत भाग बघायचा. आठवड्याला चार सांगाडे म्हणजे वर्षाला दोनशे, आणि दोनशे प्रश्नांत बहुतेक पेपर येऊन जातात.

पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांसाठी: २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. ते पहिल्या पाच मिनिटांतलं "आलं की सगळं" हे जे वाटतं ना, तोच सापळा. हायलायटरही त्याच कुळातला. पान पिवळं होतं, बाकी काही होत नाही.

निशाचर

+१. हायलायटर वापरायचाच असेल तर नियम एक: प्रकरण संपल्यावर, न बघता लिहून झाल्यावर, जे सुटलं तेवढंच पिवळं. मग पिवळ्याला काही अर्थ येतो.

चौकट

एक शंका. पुस्तक आणि मार्गदर्शक तत्त्वं वेगवेगळं सांगतात तेव्हा पेपरात काय लिहायचं? उदा. डीकेएमध्ये (मधुमेहात कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं त्यात) पोटॅशियम कितीच्या खाली असेल तर इन्शुलिन थांबवायचं?

बोरू

चौकट, चांगलं उदाहरण. बहुतेक पुस्तकांत ३.३ आहे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात ३.५ आलं, आणि निदानासाठी साखरेची मर्यादाही २५० वरून २०० मिग्रॅवर उतरली. पाठ्यपुस्तकाची आवृत्ती लिहून, तपासून, छापून येईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, त्यामुळे हे होणारच.

पेपरात नवा आकडा लिहायचा आणि वर्ष जोडायचं: "२०२४ च्या सहमतीनुसार ३.५, पूर्वी ३.३". तपासणारा जुन्या आवृत्तीवर वाढलेला असला तरी गुण कापता येत नाहीत. बहुपर्यायी पेपरात ही सोय नाही. तिथे दोन्ही आकडे पर्यायांत क्वचितच असतात, जो आहे तो निवडा.

मात्र तत्त्वांचे अख्खे दस्तऐवज वाचत सुटू नका. शिफारशींचा तक्ता आणि "काय बदललं" हा भाग, बस. बदल पुस्तकाच्या त्याच पानाच्या समासात पेन्सिलने वर्षासकट लिहा. वेगळ्या वहीत लिहिलेला बदल परीक्षेच्या आदल्या रात्री सापडत नाही. आणि पुस्तक सोडून नुसत्या तत्त्वांवर राहिलात तर "का" या प्रश्नाला उत्तर उरत नाही. तत्त्वं काय करायचं ते सांगतात, यंत्रणा पुस्तकात असते.

हातोडी

सर्जरीवाल्यांचं वेगळं आहे. थिएटरमध्ये उभं राहून दिवस जातो, राउंड झटपट, पेशंटपाशी बसून विचार करायला सवड नाही. इथे वाचनाचा खिळा ऑपरेशनची यादी आहे. यादी आदल्या संध्याकाळी लागते. प्रत्येक केससाठी २० मिनिटं, तीन भागांत: शरीररचना ७, पायऱ्या ७, काय बिघडतं ६.

दुर्बिणीने पित्ताशय काढायचं असेल तर शरीररचनेत हेपॅटोसिस्टिक त्रिकोण आणि धमनीचे प्रकारभेद. पायऱ्यांत क्रिटिकल व्ह्यूच्या (काही कापण्याआधी दिसायलाच हव्या त्या दृश्याच्या) तीन अटी: त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतावरून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना दिसतात. बिघडण्यात मुख्य पित्तनलिकेलाच सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नलिका) समजून क्लिप लावणं, ते का होतं, आणि तिन्ही अटी जमत नसतील तर कुठे थांबायचं. दुसऱ्या दिवशी केस संपल्यावर हात धुता धुता या तीन अटी मनात म्हणायच्या. झाली उजळणी.

यात राहून जातं ते ऑपरेशनच नसलेलं सगळं: शॉक, पोषण, जखम भरणं, द्रव आणि क्षार. पहिल्या पेपरात नेमकं तेच असतं. उंटावरच्या_शहाण्यांची यादी इथे जशीच्या तशी लागू.

भिंगरी

रेडिओलॉजीत उलटं. तिथे पुस्तक आधी वाचून उपयोग नाही. आधी फिल्म, स्वतःचा रिपोर्ट लिहून, मग त्या निदानाची पाच पर्यायी निदानं पुस्तकातून. भूल विभागात यादी असतेच, हातोडी यांची पद्धत चालते. फक्त "पायऱ्या" काढून तिथे औषधांचे डोस.

कंदील

एक मोठा विषय उरलाय: अनुशेष. वाचन मोडतं ते बहुधा यामुळेच.

आठवडा वाईट गेला, ३० पानं राहिली. पुढच्या आठवड्याच्या ३५ मध्ये ती मिळवली, ६५ झाली. तीही झाली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात शंभर, आणि पुस्तक कपाटात. राहिलेलं पुढे ढकलायचं नाही, हा नियम करा. राहिलेली पानं यादीच्या तळाशी जातात आणि या आठवड्यात या आठवड्याचंच वाचायचं. तळाशी गेलेलं प्रकरण अ दर्जाचं असेल तर ते राखीव आठवड्यात येतं. दर पाचवा आठवडा राखीव: त्यात नवीन काही ठरवायचंच नाही. वेळापत्रक बनवताना हा रिकामा आठवडा नाही ठेवला, तर तो ड्युटी घेतेच, फक्त न विचारता.

कार्डांचंही तेच. रजेवरून आल्यावर ९०० थकलेली दिसली तर नवीन कार्डं शून्यावर आणा, रोज १०० ची मर्यादा लावा. दहा-बारा दिवसांत उतरतं. एका बैठकीत ९०० करायला गेलात तर शेवटची पाचशे डोळे झाकून "सोपं" दाबली जातात आणि पुढच्या तारखा सगळ्या चुकतात.

आणि तळाची पायरी ठरवून ठेवा. सगळं कोसळलेल्या दिवशीही होईल इतकी छोटी: एक तक्ता किंवा दहा कार्डं.

शतपावली

उजळणीच्या अंतराबद्दल थोडं. किती दिवसांनी पुन्हा बघायचं हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. २००८ च्या सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात चाचणी आठवड्यावर असेल तर एक दिवसाचं अंतर सर्वांत चांगलं ठरलं, ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवसांचं, आणि ३५० दिवसांवर असेल तर २१ दिवसांचं. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षात आज वाचलेलं उद्याच उजळण्याची घाई नको, तीन आठवड्यांनी सांगाडा काढा. शेवटच्या महिन्यात अंतर आपोआप आठवड्याच्या आसपास येतं.

शेवटच्या चार महिन्यांत नवीन प्रकरण उघडणं बंद. अपवाद फक्त अ दर्जाचं, अजिबात न पाहिलेलं. पहिले दोन महिने विभागवार सांगाडे, तिसऱ्यात पूर्ण वेळेचे पेपर (तीन तास सलग लिहिण्याची हाताला सवय राहिलेली नसते, पहिल्या पेपरात दुसऱ्या तासाला बोटं आखडतात), चौथ्यात समासातल्या पेन्सिलच्या नोंदी, रंगीत शाई आणि तोंडी परीक्षेसाठी मोठ्याने केस सांगणं. मोठ्याने. मनात सांगितलेली केस नेहमी सुरेख असते.

उंटावरचा_शहाणा

अवांतर, पण उपयोगी: जाडजूड ग्रंथ बाइंडरकडे नेऊन विभागवार सात-आठ भागांत कापून घ्या. कणा कापताना आतला समास १० मिलिमीटर तरी राहील असं सांगा, नाहीतर आतल्या स्तंभाची अक्षरं शिलाईत जातात. प्रत्येक भागाला साधं जाड कव्हर आणि बाहेर विभागाचं नाव.

चौकट

त्यापेक्षा फोनवर पीडीएफ बरी नाही का? वजनच नाही.

उंटावरचा_शहाणा

शोधायला बरी, वाचायला नाही. दोन स्तंभांचं पान फोनवर मोठं करून वर-खाली सरकवताना तक्ता एका नजरेत येत नाही, आणि आपल्याला हवा असतो तो तक्ताच. शिवाय त्याच फोनवर वॉर्डाचा ग्रुप असतो. फोनवर कार्डं आणि प्रश्न, कागदावर प्रकरणं. फोनवर वाचावंच लागलं तर तक्त्याचं चित्र कापून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, फोन आडवा धरला की पूर्ण दिसतं.

चौकट

कापलेल्या भागांत शेवटची सूची कुठे जाते?

उंटावरचा_शहाणा

तिचा वेगळा भाग करायचा, सर्वांत पातळ. तो ड्युटीच्या खोलीत ठेवा. पान क्रमांक बघून घरी उघडायचं कुठे ते आधीच ठरतं.